हुडहुडीची उपराजधानी

नागपूरचं नाव काढलं की मुंबईचा माणूस घाम पुसायला रुमाल शोधतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 46-47 ला टेकतो, हे तो आम्हालाच समजावून सांगतो. 2018 च्या डिसेंबरअखेरीस याच नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली, हे सांगायला जावं तर गडी विषय संत्र्यांवर नेतो. म्हणून डोंबिवलीचे आमचे साळेबुवा डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी यायचं म्हणाले, तेव्हाच मी ठरवलं, यांना शहर नाही, थंडी दाखवायची.

दुरांतोतून उतरले ते अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात. "आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा एकवर, भाऊजी," म्हणाले. स्टेशनाबाहेर येईस्तोवर मात्र एका हातात बॅग आणि दुसरा हात स्वतःच्याच काखेत.

"सहा अंश आहे," मी बेफिकिरीनं म्हणालो. मोबाइल दहा दाखवत होता. पण तो आकडा सोनेगावच्या वेधशाळेचा. आमच्या गल्लीचा कारभार वेगळा.

घरी येऊन ते जे दुलईत शिरले ते दहा वाजता बायकोनं ओढली तेव्हा निघाले. मग दुलई ते गच्ची हा मोठा प्रवास. हिवाळ्यात नागपूरकराचं दिवाणखान्यात काही काम नसतं. अख्खी बिल्डिंग गच्चीवर पाठ शेकत बसते आणि ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकतात. टाकीच्या सावलीत बसायची वेळ येते ती फक्त भाडेकरूंवर. एका कोपऱ्यात मुगवड्या वाळत होत्या, त्यांना सगळ्यांत चांगली जागा मिळाली होती. संत्री सोलणं चालूच होतं. साळेबुवांनी एक फोड तोंडात घातली आणि एक डोळा मिटला. "हा अंबिया बहार," मी घाईनं खुलासा केला, "मृगाची संत्री फेब्रुवारीत येतात, ती चाखा." जे संत्रं पाहुण्याला आंबट लागतं ते नेहमी चुकीच्या बहाराचं असतं.

दुपारी तर्री-पोहे. पोह्यांवर हरभऱ्यांची लालभडक तर्री पडली तेव्हा टपरीवाल्यानं माणुसकीनं विचारलं, "साहेबांना कमी देऊ का?" साहेबांनी मुंबईची लाज राखायला "फुल" म्हटलं. दोन घासांत कानशिलावरून घाम. "भाऊजी, थंडी पळाली!" मला हे अजिबात आवडलं नाही. तासभर खपून बनवलेलं वातावरण एका प्लेटीत गेलं.

तिथून सिव्हिल लाइन्समार्गे फुटाळ्याला निघालो. 1953 च्या नागपूर करारामुळे सरकार हिवाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला येतं. मे महिन्यात अधिवेशन घ्यावं, असं काही कोणाला सुचत नाही. सुट्टी असल्यानं मोर्चे नव्हते, पण बॅरिकेड होतेच. त्यांना बहुधा शनिवार लागू नाही. विधानभवनाला वळसा, त्या वळशाला आणखी एक वळसा, असं करत आम्ही झिरो माइलचा खांब आणि त्याचे चार घोडे एवढ्या वेळा पाहिले की साळेबुवा म्हणाले, "देशाचा मध्य इथंच असणार. इथून बाहेर पडताच येत नाही."

वाटेत तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागला. दुकानातल्या बाईंचं घर गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीत. तिबेटी निर्वासितांची ती वसाहत 1972 पासूनची. साळेबुवांनी हावभाव करत, तुटक हिंदीत भाव विचारला. बाई शांतपणे म्हणाल्या, "काहून एवढं हात हलवून राहिले भाऊ? मराठीत बोला नं." मग घासाघीस करायची त्यांची ताकदच गेली. स्वेटर हिमालयातला म्हणून छातीशी धरला, आतल्या पट्टीवर लुधियाना निघालं.

फुटाळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य पाण्यापलीकडे बुडत होता, वारा सुटला होता, आणि नवा स्वेटर, माझा मफलर, बायकोची शाल अशी तीन आवरणं घालून साळेबुवा शेंगा खात कुडकुडत होते. ही माझी विजयाची संध्याकाळ.

रविवारी उठलो तर आभाळ भरलेलं. थंडी रातोरात गायब. हा आमच्या हिवाळ्याचा जुना हलकटपणा. कुठून तरी ढग येतात आणि रात्रीचा पारा थेट सोळा-सतरावर. बायकोनं तर सकाळीच पंखा लावला. मी तो बंद केला, कानटोपी चढवली आणि म्हणालो, "आज दमट थंडी आहे. ही जास्त वाईट."

दुपारी काटोल रोडवर मित्राच्या शेतात रोडग्यांचा बेत होता. जाड कणकेचे थर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची आणि फोडून तूप ओतायचं. सोबत वरण अन् वांग्याची भाजी. पाहुण्याला राख झटकायचं काम दिलं, कारण ते बिघडवता येत नाही. साळेबुवांनी स्वेटर घालूनच ते केलं. चेहऱ्यावरून घामाच्या धारा, भुवयांवर राख. पाचव्या रोडग्याला त्यांच्या आईचा फोन आला.

"अगं, काय थंडी सांगू!" ते निखाऱ्यापासून जरा मागे सरकत ओरडले. "हाडं गोठतात! शेकोटीजवळच बसलोय. काल तर चार अंश होतं!"

मी सहा म्हणालो होतो. पण पाहुण्याला चारचौघांत खोटं कशाला पाडायचं? त्यांच्या ताटात आणखी एक रोडगा फोडला आणि तूप जरा सढळ ओतलं.