नेटिव्ह काका

काकांनी नाशकात विम्याच्या कचेरीत ३४ वर्षं काढली. तेवढ्या काळात त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पत्रांची रद्दी विकली असती तर घराला एक खोली वाढवता आली असती. इंग्रजी बोलायची वेळ मात्र त्यांच्यावर यायची ती फक्त ऑडिटला दक्षिणेकडचे साहेब आले की, आणि तेव्हाही बोलत साहेबच असत. असा माणूस गेल्या जानेवारीत लाओस देशातल्या लुआंग प्रबांग नावाच्या गावी इंग्रजी संभाषण शिकवायला गेला आणि तीन आठवडे शिकवून आला. मी आपला फिरायला म्हणून तिथे होतो. वर्ग डोळ्यांनी पाहिला म्हणून लिहितोय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

असे काका आता बऱ्याच सोसायट्यांमधून आढळतात. पूर्वी निवृत्त माणूस हास्यक्लबात जायचा, फार तर सोसायटीचा सेक्रेटरी होऊन पार्किंगवरून भांडायचा. आता तो परदेशी स्वयंसेवक होतो. गळ्यात पासपोर्टची पिशवी असते, ती तो नाशकात भाजी आणायला जातानाही काढत नाही. 'ट्रिप' या शब्दाचा त्याला राग येतो. "ट्रिप तुम्ही करता. आम्ही व्हॉलंटिअरिंगला जातो." काकू सोबत नसतात. आमच्या काकूंचा हिशेब सरळ होता : "ह्यांना ऐकणारी माणसं हवीत, ती तिकडे आहेत. मला शांतता हवी, ती आता इकडे राहील."

व्हॉलंटिअरिंग म्हणजे फुकटचा मामला, अशी काकांची समजूत होती. त्यांनी एका संस्थेला मेल पाठवली, तेव्हा उत्तरात दर आठवड्याचा एक आकडा आला. काकांना वाटलं, मानधन. नको नको म्हणणारं एक विनम्र पत्रही त्यांनी मनात तयार केलं. तो आकडा आपण द्यायचा आहे हे कळायला ती मेल दोनदा वाचावी लागली. ज्याने जन्मभर लोकांकडून हप्ते घेतले त्याच्याकडेच हप्ता मागणारा भेटावा, हा काव्यगत न्याय काकांना अजिबात आवडला नाही. दुसरीकडे चौकशी केली तर त्यांना १२० तासांचं प्रमाणपत्र हवं होतं. तिसरीकडच्या फॉर्मात एकच रकाना होता, पण तो वर्मी बसला : आर यू अ नेटिव्ह स्पीकर?

"अरे, दीडशे वर्षं इंग्रज आम्हालाच नेटिव्ह म्हणत होते! नेटिव्ह लोक, नेटिव्ह संस्थानं, नेटिव्ह पलटणी. आणि आता नेटिव्ह पाहिजे म्हटल्यावर आम्ही नको?" काकांनी रकान्यात 'येस' लिहिलं. उत्तर आलं नाही.

मी त्यांना ब्रज काचरूंचं सांगितलं. या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळं आखून दाखवली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिकेची मंडळी, बाहेरच्यात इंग्रजांचं राज्य भोगलेले आपण, आणि त्याहून बाहेर, पसरत चाललेल्या वर्तुळात, ज्यांना इंग्रजी परकी भाषा म्हणूनच शिकावी लागते ते. लाओसवर राज्य केलं फ्रेंचांनी, १८९३ पासून १९५३ पर्यंत. म्हणजे तो देश तिसऱ्या वर्तुळात. काकांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे ते गाभाऱ्यात, आपण सभामंडपात आणि ही पोरं बाहेर चपलांपाशी. मग मला सांग, चपलांपाशी उभ्या असलेल्याला रांग कुठून लागते हे पुजारी सांगेल का सभामंडपातला माणूस सांगेल? पुजारी कधी रांगेत उभा राहिलाय?"

भाषाशिक्षणावर इतकं नेमकं वाक्य मी अजून कुठे वाचलेलं नाही.

शेवटी काकांना लुआंग प्रबांगचं 'बिग ब्रदर माउस' सापडलं. लाओ मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं छापणारी ही संस्था २००६ साली सुरू झाली. गावात आलेल्या प्रवाशांनी मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नयेत, पुस्तकं द्यावीत, असं ती सांगते. आणि सकाळचे दोन तास कोणीही यावं आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांशी गप्पा माराव्यात. फॉर्म नाही, फी नाही, नेटिव्हपणाचा रकाना नाही. शिवाय नावात उंदीर. काकांनी तो गणपतीचा कौल मानला.

गाव देखणं आहे. मेकाँग आणि नाम खान नद्यांच्या संगमावर वसलेलं, १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेलं, पावलापावलाला विहार. डोंगरातल्या गरीब खेड्यांतली मुलं शाळेसाठी म्हणून श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होऊन या विहारांत राहतात. गावाचं पोट पर्यटनावर, आणि देश १९९७ साली आसियानमध्ये गेला, तिथला सगळा कारभार इंग्रजीत चालतो. त्यामुळे श्रामणेरापासून टुकटुकवाल्यापर्यंत प्रत्येकाला इंग्रजी हवं आहे. लाओ भाषेत त्याला 'फासा आंग्किट' म्हणतात. फासा म्हणजे आपली भाषा, तीच पालीतून तिकडे गेलेली. शिक्षकाला 'आचान' म्हणतात, म्हणजे आचार्य. काकांनी पहिल्याच रात्री घरी फोन केला : "इथे मला आचार्य म्हणतात!"

"आणि इंग्रजीला फासा म्हणतात," काकू म्हणाल्या. त्यांनी गुगलवर पाहून ठेवलं होतं. "बरोबरच आहे."

काकांचा वर्ग म्हणजे एक लांब टेबल. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला भगव्या चीवरातले दोन श्रामणेर, हॉटेलात काम करणारी एक मुलगी, एक टुकटुकवाला आणि वह्या. संभाषणाच्या वर्गात विद्यार्थ्याने बोलायचं असतं, हे काकांना तत्त्वतः मान्य होतं. व्यवहारात ते प्रश्न विचारत, उत्तर यायला वेळ लागतो म्हणून स्वतःच उत्तर देत, आणि उत्तर बरोबर आलं म्हणून स्वतःलाच 'व्हेरी गुड' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी "व्हॉट इज युवर एम इन लाइफ?" हा प्रश्न टाकला. छोटा श्रामणेर बराच वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "टुडे?"

मग काळ. लाओ भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'जेवण' आणि 'झालं' म्हटलं की भूतकाळ झाला, पुढे काही करायला नको. काका मात्र बाराही काळांचा तक्ता घरून लॅमिनेट करून घेऊन गेले होते. त्यातला फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस त्यांनी स्वतः ३४ वर्षांच्या नोकरीत एकदाही वापरलेला नव्हता. एवढ्या लांब आणलाय तर शिकवून टाकू, असा त्यांचा विचार असावा.

बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी तोंडाने लिहिलेलं पत्र. "विथ रेफरन्स टू युवर क्वेश्चन" अशी सुरुवात केल्याशिवाय त्यांना साधं उत्तर देता येत नाही. आठवड्याभरात ते टेबल हुबेहूब विम्याच्या कचेरीसारखं बोलू लागलं. एका सकाळी मोठा श्रामणेर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "आय बेग टू स्टेट आय हॅव हेडेक." आता पहाटे भिक्षापात्र घेऊन गावभर फिरणाऱ्या मुलाच्या तोंडी 'बेग' हे क्रियापद इतकं शोभून दिसलं की काकांना ते दुरुस्त करवेना.

दुरुस्तीची खोड मात्र दांडगी. हॉटेलातल्या मुलीने निबंधात लिहिलं, 'संध्याकाळी माझी आई आम्हाला स्नेक्स देते.' काका खुशीत आले. फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, दोन्हींचे उच्चार केले, आपल्याकडेही हॉटेलांच्या पाट्यांवर कशी हीच चूक असते ते सांगितलं. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नो मिस्टेक, आचान. स्नेक." आणि हाताने लांबी दाखवली.

त्यांचा हुकमी विषय म्हणजे भारत-लाओस मैत्री. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर लाओसमध्ये देखरेखीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग आला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. ही गोष्ट खरी आहे आणि काका ती रोज सांगत. "इन युवर कंट्री देअर वॉज अवर कमिशन!" टुकटुकवाला एकदम सावध झाला. त्याने पहिल्यांदाच स्वतःहून पूर्ण प्रश्न विचारला : "हाऊ मेनी पर्सेंट?"

मला हा त्या वर्गाचा सर्वोत्तम क्षण वाटतो. संभाषण म्हणजे समोरच्याला खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं असणं, आणि ते काकांना जमायचं नेमकं ते चुकायचे तेव्हाच. उपवासाचा धडाही असाच. श्रामणेर दुपारी बारानंतर जेवत नाहीत. काका म्हणाले, आम्हीही फास्ट करतो, आणि साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी असं सगळं वर्णन केलं. छोट्याने ते एकेक करून वहीत लिहून घेतलं, मोजलं आणि विचारलं, "फास्ट... बट फोर फूड?" काकांनी विथ रेफरन्स टू करून पाहिलं. पुढचं वाक्य आलं नाही.

आणि तो चेओ बोंग. लुआंग प्रबांगची ही खास मिरचीची चटणी. चिकट भाताचा गोळा हाताने करून तिच्यात बुडवायचा. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी संपल्यावर काकांना ती गवसली आणि ते तिला लाओ ठेचा म्हणू लागले. दहा दिवस तीन वेळा तीच. अकराव्या दिवशी 'युवर फेवरिट डिश' या विषयावर बोलताना हॉटेलातल्या मुलीने कृती सांगितली. भाजलेल्या मिरच्या, लसूण, गलांगल, आणि म्हशीचं वाळवलेलं कातडं. वाक्यरचना निर्दोष होती, उच्चार स्वच्छ होते, एकही शब्द काकांना परत विचारावा लागला नाही. त्या दिवशी वर्ग अर्धा तास लवकर सुटला.

त्यांची थट्टा करणं सोपं आहे आणि मी ती दोन दिवस मनसोक्त केली. मग शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक स्कॉटिश तरुण होता, अस्सल गाभाऱ्यातला, फार गोड मुलगा. तो बोलायला लागला की मुलं हसून मान हलवत. मीही तेच करत होतो, कारण मलाही काही कळत नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी बसने पुढच्या गावाला गेला. त्याच्या जागी एक डच बाई आल्या, त्याही दुसऱ्या दिवशी गेल्या. रोज नवा माणूस, म्हणून रोज पहिला धडा : नाव काय, देश कुठला, भावंडं किती. त्या मुलांनी आपल्या भावंडांची संख्या शेकडो अनोळखी माणसांना सांगितली असेल. काका सुट्टे सुट्टे शब्द उच्चारत, प्रत्येक अक्षराचे पैसे मोजल्यासारखे, आणि ते शब्द मुलांना वहीत उतरवता येत. त्यांना स्वतःला पाचवीत ए-बी-सी-डी भेटली होती. कुठे पाय घसरतो ते त्यांना ठाऊक होतं. आणि ते दुसऱ्या दिवशी परत येत. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मोठ्या श्रामणेराने विचारलं, "यू कम अगेन? व्हाय?" काकांकडे बारा काळांचा तक्ता होता, पण याचं उत्तर नव्हतं.

एकदाच ते गप्प झालेले मी पाहिले. भारत म्हणजे बुद्धांचा देश, म्हणून श्रामणेर खोदून खोदून विचारत होते. काकांनी छाती पुढे काढली : माझ्या गावी बौद्ध लेणी आहेत, २४, दोन हजार वर्षांपूर्वीची, भिक्खूंनी राहायला केलेली. दोघांचे डोळे मोठे झाले. छोट्याने विचारलं, "आचान, यू गो एव्हरी डे?" पांडवलेणी काकांच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहेत. सातवीच्या सहलीनंतर ते तिथे गेलेले नव्हते.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी गेले, असं काकू सांगतात. फोटो काढून लुआंग प्रबांगला पाठवले, खाली 'एनक्लोज्ड हिअरविथ' लिहून.

निघताना त्यांनी मुलांना एक शेवटचा प्रश्न घोटून दिला. 'व्हेअर आर यू फ्रॉम' काकांना उद्धट वाटतं. सभ्य माणसाने कसं विचारावं ते त्यांनी शिकवलं. लाओ जिभेला शब्दाच्या शेवटचे व्ह आणि स झेपत नाहीत, तेव्हा कान देऊन ऐकावं लागेल. त्या गावी गेलात आणि चीवरातल्या एखाद्या मुलाने वही उघडून "वॉत इज युवर नेतिप पेत?" असं विचारलं, तर नुसतं इंडिया म्हणून सुटू नका. जळगाव असेल तर जळगाव सांगा, कणकवली असेल तर कणकवली, आणि स्पेलिंगही सांगा. तो लिहून घेतो.