विचार ना त्याले!

असे एक काकाजी तुमच्याही ओळखीचे असतीलच. आमचे पांढुर्ण्यात चहाच्या टपरीवर बसतात. बोलणं संत्र्याच्या भावावर चाललेलं असलं तरी दोन घोटांत ते सिल्लेवानीच्या घाटात पोचतात आणि समोर दहा फुटी वाघ उभा करतात.

"खोटं वाटते? विचार ना मोहगावच्या पाटलाले!"

पाटील वारून जमाना झाला.

काकाजींचा एकही साक्षीदार हयात नाही. रामाकोन्याजवळ कन्हानच्या डोहात गळाला अशी मरळ लागली, की तिनंच काकाजींना पाण्यात ओढलं. "विचार ना ज्यानं बाहेर काढलं त्या ढिवराले!" ढिवर गेला. मचाणाखाली रात्रभर अस्वल घोरत होतं; शेजारी साडू होता. साडूही गेला. वैतागून म्हटलं, एखादा जिवंत सांगा.

"विचार ना माह्या बंदुकीले!"

"कुठंय ती?"

"इलेक्शनात ठाण्यात जमा केली, ते आणाचीच राह्यली."

शिकारबंदीचा कायदा १९७२चा. काकाजींनी सत्तरी आत्ता ओलांडली. म्हणजे हे सगळे वाघ त्यांनी शाळा बुडवून, हाफ पँटीत मारलेले. आणि नेम? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधे पळसाचा झेंडा. काकाजींचा गोटा अलीकडच्याच पाण्यात पडतो. सावरगावकरांनी त्यांचा सत्कार करायला हवा.

एकदा घाटात गाडी बंद पडली. काकाजी रस्त्याकडेच्या धुळीत उकिडवे बसले. "रानडुक्कर. आज पहाटचं." खुराच्या ठशाची कड बोटानं दाखवली, धारदार, अजून ढासळली नव्हती. भोवतालच्या धुळीवर दवाचे टिपके होते, ठशात एकही नाही. दव आधी, डुक्कर मागून. हे शिकवलं कुणी? हाका उठवायला येणाऱ्या एका गोंड म्हाताऱ्यानं. त्याला विचार, असं काही काकाजी म्हणाले नाहीत. "गेला तो," म्हणाले, आणि छिंदवाड्यापर्यंत एकही वाघ मारला नाही. मलाच चुकल्यासारखं वाटलं.

परवा टपरीवर वाघ बारा फुटी झाला. एक पोरगं फिदकन हसलं. काकाजींनी माझ्याकडे बोट केलं, "विचार ना याले! हा होता मचाणावर!"

१९७२ साली माझ्या आईबापाचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. मी मान डोलावली. घरी आल्यावर आधी विम्याचा थकलेला हप्ता भरला.