मधली स्टेशनं

खास पो नदी बघण्यासाठी इटलीला निघणारी माणसं जगात फार नसावीत. त्यांतलं एक आमच्या घरात, वाशीत, चष्मा कपाळावर सरकवून अ‍ॅटलासमध्ये डोकं खुपसून बसलेलं असतं. आई इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी युरोपचा धडा आला की इटलीचा बूट फळ्यावर उतरायचा, टाचेपासून चवड्यापर्यंत खडू न उचलता. मग निळ्या खडूनं ती आल्प्सपासून एड्रियाटिकपर्यंत पो काढायची. लांबी ६५२ किलोमीटर, म्हणजे १४६५ किलोमीटरच्या आपल्या गोदावरीच्या निम्मीसुद्धा नाही. पण वर्षानुवर्षं पत्रं लिहिलेल्या आणि कधीच न भेटलेल्या मैत्रिणीकडे निघावं तशी ती पोकडे निघाली आहे. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ही नावं मी काढली तेव्हा ती म्हणाली, "ती आहेतच रे. ती कुठं जातायत?"

मी आपला लॅपटॉप उघडून शहाण्यासारखा बेत आखला होता. मिलानहून तासाला तीनशे किलोमीटरच्या वेगानं धावणाऱ्या फ्रेच्चारोस्सात बसायचं आणि दोनेक तासांत फ्लोरेन्स गाठायचं. आईनं विचारलं, यात पो कुठं लागते? पिआचेन्झाच्या जरा आधी, मी म्हटलं, छान मोठा पूल आहे. "आणि तो पूल पार करायला किती वेळ?" मनातल्या मनात गणित केलं आणि उत्तर सेकंदांत आलं. आई बराच वेळ गप्प राहिली. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला स्वतःची चूक स्वतःच सापडेपर्यंत ती द्यायची, तेवढा तो वेळ होता. मग म्हणाली, "एवढ्यात नदी दिसत नाही. नुसती ओलांडली जाते."

पुढे बोलोन्या ते फ्लोरेन्स. मधे अपेनाइन्सची रांग. २००९मध्ये इथून जलद गाड्यांचा नवा मार्ग सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ७८ किलोमीटर आणि त्यातले ७३ बोगद्यांत. म्हणजे भूगोलाच्या बाईंना इटलीचा कणा त्याच्या पोटातून दाखवायचा, तोही काळोखात. खंडाळ्याच्या घाटात बोगदा आला की डब्यातली पोरं एका सुरात ओरडतात, हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्र्याहत्तर किलोमीटर ओरडायचं तर घसा फ्लोरेन्सपर्यंत कसा टिकावा, ही आईची शंका तशी रास्तच होती. तिनं शोधून काढली ती भलतीच वाट: बोलोन्याहून पोर्रेत्तामार्गे पिस्तोयाला जाणारी जुनी घाटातली रेल्वे. मधे पोर्रेत्ताला गाडी बदलायची, दऱ्या बघायच्या, चेस्टनटची रानं बघायची, आणि जलद गाडी जे पस्तीस-चाळीस मिनिटांत उरकते त्याला सकाळचा बराच भाग द्यायचा. हा मार्ग १८६४मध्ये सुरू झाला असं मी वाचून दाखवलं, तशी ती एकदम ताठ बसली. आपला बोरघाट १८६३चा! दोन दूरदेशीचे घाट एकाच इयत्तेतले निघाले, या शोधानं तिचा चेहरा जो उजळला तो पिसाचा मनोरा बघूनही उजळला नसता. मनोऱ्याचं म्हणाल तर तो आमच्या यादीतून आधीच गळाला आहे. सेक्टर सतरामधल्या ओळखीच्या ट्रॅव्हलवाल्यानं काळजीनं विचारलं होतं, "काकू, पिसा नको?" तेव्हा आईचा प्रश्न: "अजून वाकडाच आहे ना? मग राहू दे."

व्हेनिसच्या बाबतीत मात्र तिला वेगळंच काही सुचलं. बेटावरच्या हॉटेलांचे दर ऐकून तिनं पदरानं वारा घेतला. तेव्हा मी सांगितलं की बरेच लोक अलीकडे मेस्त्रेला उतरतात. तिथं स्वस्त पडतं, आणि सकाळी गाडी पकडली की खाडीवरच्या लांबलचक पुलावरून दहा-बारा मिनिटांत व्हेनिस. आई हसायला लागली. "म्हणजे वाशीतून उठून पुन्हा वाशीतच मुक्काम!" आणि खरंच, विचार करू लागलो तसतसा मेस्त्रेचा नकाशा मला पाठ असल्यासारखा वाटू लागला. मूळ शहरात जागा परवडत नाही म्हणून पाण्यापलीकडे वसलेली वस्ती, मधे भरती-ओहोटीचं उथळ पाणी, त्यात रोवलेले लाकडी खांब, आणि शहराकडे ओढ घेणारी गाडी. त्यांचा रेल्वेपूल १८४६चा, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्याही सात वर्षं आधीचा. आमच्या खाडीवर रेल्वे आली १९९२मध्ये. त्याआधी सगळा व्यवहार रस्त्यावरच्या पुलाचा आणि बसचा. मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा आई, बाबा आणि मी काही काम नसताना मानखुर्दला गेलो, फलाटावर उभ्याउभ्या शेंगदाणे खाल्ले आणि परत आलो. येताना ओहोटी होती. चिखलाचा तो खारट, जरासा कुजका वास डब्यात शिरला, तेव्हा बाबा छाती भरून म्हणाले होते, आली वाशी. आजही तो वास आला की डोळे मिटलेला माणूससुद्धा बॅग सावरतो. मेस्त्रेकरांचंही तसंच असेल काय? जगभरचे लोक ज्या पाण्यासाठी विमानानं येतात, त्यावरून रोज सकाळी ते मान खाली घालून मोबाइल बघत जात असतील का? आईच्या मते शंभर टक्के. तिला मेस्त्रेच्या त्या लोकांशेजारी बसून जायचंय.

दोन गाड्यांच्या मधे किती वेळ ठेवावा, यावर मात्र आमचं जमत नाही. मी अठरा मिनिटं म्हणतो, ती दीड तास. तिकडच्या रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक, गाड्यांचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये घालून छाप मारल्याशिवाय डब्यात चढायचं नसतं, हे मात्र तिला एका वाक्यात कळलं. मुंबईच्या लोकलचं कूपन पंच करताना अर्धवट उठलेला छाप बघून जिचा जीव खालीवर व्हायचा, तिला इटालियन रेल्वे निराळी काय शिकवणार!

मग एका संध्याकाळी तिनं अ‍ॅटलासमध्ये मोन्तोने नावाच्या एका गावावर पेन्सिलीची बारीक फुली केली. आईचं माहेर माणगाव तालुक्यातलं. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे; एसटीतून उतरलं की आजोबा नातवंडांना तिथं घटकाभर उभं करत. पळसगावचा हा मुलगा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, समोरच्या मशीनगननं त्याच्या तुकडीतला एकूण एक माणूस पाडल्यावर तो एकटाच त्या गनवर धावून गेला. ती बंद पाडली आणि तिथंच गोळ्या लागून पडला. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडलाच नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव तेवढं आहे. २०२३मध्ये मोन्तोनेच्या लोकांनी त्याच्या नावे तिथं एक छायायंत्र उभारलं, सावलीवरून वेळ सांगणारं. आई इतकी वर्षं वर्गात सांगत आली, तायबरच्या काठी रोम. त्याच नदीला वरच्या अंगाला आपल्या तालुक्यातलं कुणी आहे, हे पाठ्यपुस्तकात कुठंच नव्हतं. पेरुजाहून उंबेर्तिदेपर्यंत छोटी गाडी जाते, पुढे टेकडी चढायला टॅक्सी करावी लागेल. या एका स्टेशनाबद्दल मी वाद घातला नाही. दीड तासाचं अंतरसुद्धा मुकाट्यानं मान्य केलं.

महिना ठरवायला मात्र बराच काथ्याकूट झाला. हवा मे महिन्यात चांगली. शिवाय पोच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत वसंतात पाणी सोडतात, ते तेव्हा आरशासारखं दिसतं म्हणे. इटली युरोपातला सर्वांत मोठा भात पिकवणारा देश, हे तर आई झोपेतही सांगेल. पण मे म्हणजे हापूस. एपीएमसीच्या फळबाजारापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसानं ऐन मोसमात पेट्यांकडे पाठ फिरवून परदेशी जायचं, हे तिला अधर्म्य वाटतं. जूनच्या अखेरीस आंबा आटोपतो. जुलैत तिकडचं भात हिरवंगार उभं असतं, आणि दहा जुलैही जुलैतच येते. उकाड्याचं मी बोललो, तर म्हणाली, "वाशीत काय बर्फ पडतो?"

तिच्या वहीत आता मिलान, व्हेर्चेल्ली, लोदी, पिआचेन्झा, पोर्रेत्ता, पिस्तोया, उंबेर्तिदे अशी स्टेशनं ओळीनं आहेत आणि शेवटी, जागा उरली म्हणून, रोम. ती वाचताना माझ्या लक्षात आलं की आईनं प्रवास पुष्कळ केला, पण तो सगळा मुलांकडे तोंड करून. शाळेच्या सहली, पुणे, रायगड, वेरूळ. गाडी कुठलीही असो, बाई उभ्या, पाठ खिडकीला, ओठांत डोकी मोजणं चाललेलं. बोरघाट तिनं कितीदा तरी पार केला आणि तो तिला ओळखू येतो तो आवाजावरून. पोरं ओरडली की बोगदा, गप्प झाली की दरी.

काल तिनं जागांचा विषय काढला. नदी कुठल्या खिडकीतून दिसेल? मी म्हटलं, पुलावर ती दोन्ही बाजूंना असते, आई. "ते ठाऊक आहे मला. गाडी दक्षिणेला चाललीय, नदी पूर्वेला. म्हणजे येणारं पाणी उजवीकडे, जाणारं डावीकडे." वहीत तिनं बाण काढले. उजवी खिडकी तिची, डावी माझी. "जाताना कशी दिसते ते तू मला सांगायचंस. आणि मोबाइल खिशात."