वैनींची कोकमची बाटली

बेळगावजवळच्या सांबऱ्यात विमानं डोक्यावरनं उतरतात, तरी बातमी त्यांच्या आधी पोचते. पल्याडच्या वैनींच्या जावयानं बोटीची तिकिटं काढली, हे सकाळी दूधवाल्यानं सांगितलं. दुपारी भाजीवालीनं त्यात ‘पाच मजली बोट’ अशी भर घातली. संध्याकाळी वैनी कंपौंडाला टेकल्या तोवर बोट दहा मजल्यांवर गेली होती. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी “व्हय काय?” म्हटलंच. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही!

“क्रूझ म्हणायचं गे,” वैनी म्हणाल्या. “बोट म्हटलं की पोरगी चिडत्या. मुंबईतनं सुटायची, गोव्याला एक दिवस थांबायची, परत मुंबई. जावई म्हणतोय, आई, तुम्ही चलायचंच.”

समोरच्या अंगणात मामा खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मामा हवाई दलातनं निवृत्त झालेले. त्यांच्या कानावर काही पडलं आणि ते गप्प राहिले, असं आजवर झालेलं नाही.

“म्हणजे बेळगावचा माणूस पाचशे किलोमीटर उलटा मुंबईला जाणार,” पेपर खाली न घेताच मामा म्हणाले, “आणि तिथनं पाण्यातनं गोव्याला येणार. चोर्ल्याच्या घाटानं गेलासा तर सव्वाशे किलोमीटर! सकाळी नाष्टा करून निघा, दुपारी जेवायला मांडवीच्या काठावर.”

“गोव्याला कोण चाललंय ओ मामा? बोटीत बसायला चाललोय.”

याला उत्तर नव्हतं. मामांनी पान उलटलं.

खरा विषय पुढं निघाला. वैनींनी बॅग भरायला घेतली होती, आणि त्यात कपड्यांच्या आधी बाटल्या गेल्या होत्या. वैनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात वारी आहे. त्या बाहेरचं पाणीसुद्धा दोनदा विचारून पितात. बोटीवर बार असतो, हे त्यांना जावयानं सांगितलं नव्हतं. सांगितलं त्यांच्या नातवानं, तेही फार उत्साहानं. तेव्हापासून वैनींचं एकच चाललं होतं: “कुठल्या पेल्यात काय ओतलंय कोण बघतंय? आपलं आपण न्हेलेलं बरं.”

म्हणून माहेरच्या आमसुलांचं सरबत झालं. साखरेत मुरवलेला पाक, वर जिऱ्याची पूड, किंचित सैंधव. जुनी काचेची बाटली त्यांनी सोड्यानं धुतली, उकळत्या पाण्यातनं काढली, उन्हात पालथी घातली. पाक भरून बुचावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सुतळीचे तीन वेढे आणि सुतळीवर चिकटपट्टी. बाटली मला कंपौंडावरनं दाखवली तेव्हा तिचा रंग संध्याकाळच्या उन्हात असा दिसत होता की माझ्याच मनात पाप आलं.

“वैनी, हे बघून कुणालाही वाटंल की दारूच हाय.”

“काहीतरीच! वास घेऊन बघा म्हणावं.”

“वास कुठं घेतात? मशीनमधनं बघतात. बाटली दिसत्या, वास न्हाई.”

आता मला एवढं कुठनं ठाऊक? माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिथली आपली मराठी मंडळी सुट्टीत बोटीवर जातात, जसे आपण जोतिबाला जातो. तिच्या सासूबाई इथनं गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी हिनं सगळ्या कंपन्यांचे नियम वाचून काढले होते, आणि फोनवर मला ऐकवले होते.

कार्निवल नावाची मोठी कंपनी आहे. तिनं २०१५ च्या जुलैपासून बाटलीतलं बिनदारूचं पेय आणायलाच बंदी केली. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. माणशी बारा सीलबंद डबे न्यायचे, एकेक ३५५ मिलिलिटरपर्यंतचा, तेही चढायच्या दिवशी हातातल्या सामानात. रॉयल कॅरिबियन खोलीमागं बारा नग सोडते, अर्ध्या लिटरच्या आसपासचे. आणि नॉर्वेजियन? तिथं घरचं पाणीसुद्धा चढत नाही. तान्ह्या बाळाचं दूध कालवायला किंवा झोपेत श्वासाचं यंत्र लावणाऱ्यांना सीलबंद शुद्ध पाणी तेवढं चालतं.

“पाण्यानं ह्यांचं काय घोडं मारलंय?” वैनींनी विचारलं.

“पाण्यानं न्हाई, पिणाऱ्यांनी मारलंय.”

आणि मग मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून व्होडका भरायची आणि बूच असं बसवायचं की सील शाबूत दिसावं. तोंड धुवायच्या औषधाच्या बाटलीत व्होडका भरून हिरवा रंग टाकायचा. अंगाला लावायच्या मलमाच्या ट्यूबसारख्या दिसणाऱ्या पिशव्या तिकडं मुद्दाम ह्याच कामासाठी विकत मिळतात. बोटीवर पेग महाग, म्हणून घरनं न्यायची. घरनं न्यायची म्हणून लपवायची. आणि लपवायला पाण्यासारखी दुसरी जागा नाही. कंपनीनं बाटली-बाटली उघडून वास घेत बसायचं म्हटलं तर बोट तारखेला सुटायची नाही. मग सगळ्याच बाटल्या बंद. कार्निवलनं तेव्हा हेच कारण दिलं होतं: चोरून दारू आणतात आणि तपासणीत रांगा खोळंबतात.

“म्हणजे प्यायले ते, आणि शिक्षा माळकऱ्यांना!” वैनी उसळल्या. “सुक्याबरोबर ओलं जळालं की गे हे.”

मामांनी आता पेपर घडी केला. “विमानात तसंच झालंय. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला एक कट उघडकीला आला. सरबताच्या बाटल्यांतनं स्फोटक न्यायचं ठरलं होतं. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी परदेशी विमानांना हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर पातळ काही न्यायला मिळत न्हाई. कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि आज माझी बहीण दुबईला लोणच्याचं तेल निथळून न्हेत्या. चोर्ल्यानं गोव्यातनं परत येताना बघा, नाक्यावर डिकी उघडायला लावतात. तुमच्या डिकीत काजू असू द्या नाहीतर देवाचा अंगारा, उघडावी लागतेच. आपल्या आधी गेलेल्यांची कर्तबगारी ती.”

“खरं एवढंच कारण असतंय काय?” मी म्हटलं. “पैशाचं बी असणारच.”

ह्यावर मामा खुर्ची घेऊन पार कंपौंडाजवळ आले. पैशाचा विषय लांबून बोलायचा नसतो. ह्या बोटींचं गणित असं असतं: तिकिटात खोली, जेवण, साधं पाणी आणि बहुधा चहा-कॉफी धरलेली. बाटलीबंद कोला, ताजा रस, बर्फ घालून रंगीत छत्री खोचलेलं काहीबाही, हे सगळं वरनं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नातला जवळजवळ तिसरा हिस्सा तिकिटातनं न येता बोटीवर बसल्यानंतरच्या खर्चातनं येतो. दारू, जुगार, दुकानं, किनाऱ्यावरच्या सहली. आता वैनींसारखी बाई चढली, जी पीत नाही, खेळत नाही, आणि सरबतसुद्धा घरनं आणते, तर कंपनीनं तिच्याकडनं कमवायचं काय?

“दर्शन,” वैनी म्हणाल्या.

“थेटरात तरी काय वेगळं असतंय?” मी म्हटलं. “तिथं बी बाहेरचा वडा चालत न्हाई.”

“त्याच्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल हाय,” मामा म्हणाले. “२०२३ च्या जानेवारीतला. थेटर खाजगी जागा, बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की न्हाई ते मालकानं ठरवायचं. कुणी जिलेबी घेऊन आत आला आणि पाकाचे हात खुर्चीला पुसले तर काय, असं न्यायाधीशांनीच विचारलं होतं. खरं दोन गोष्टी कोर्टानं बजावल्या: पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला पाहिजे, आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं न्हाई.”

“मग बोटीवर?”

“बोटीवर पाण्याला तोटा न्हाई. समुद्राचंच पाणी घेऊन मीठ काढतात, मशीन असतंय. नळाचं पाणी प्यायचंच असतंय.”

समुद्राचं पाणी प्यायचं म्हटल्यावर वैनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामांनी ओळखलं आणि गाडी मागं वळवली, थेट त्यांच्या आजोबांच्या काळात.

तेव्हा बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लं. छावणीचं सामान तिथं उतरायचं आणि बैलगाड्यांनी घाट चढून वर यायचं. मुंबईला जाणारा माणूस आंबोलीनं खाली उतरायचा आणि वेंगुर्ल्याला बोट धरायचा. बोट धक्क्याला लागायची नाही. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि लाटेनं पडाव वर आला की शिडी पकडायची. मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करत करत बोट भाऊच्या धक्क्याला. पावसाळ्यात सगळं बंद.

“आणि प्यायला?” मी विचारलं.

“फिरकीचा तांब्या!” मामा म्हणाले. “झाकण फिरवून बसवलं की थेंब सांडत न्हाई. प्रत्येकाचा आपला. शिदोरीला भाकरी-चटणी, बोट लागू नये म्हणून आवळासुपारी नाहीतर आलेपाक, आणि ज्याला परवडंल त्याच्याकडं लिंबं. बोटीवर घरचं न न्हेणाऱ्यालाच लोक हसायचे. पुढं कोकण सेवक, कोकण शक्ती आल्या, तिथंवर हेच. मग बोटी बंद झाल्या, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात आंग्रिया म्हणून नवी बोट निघाली मुंबई-गोवा, तर तिच्यावर पोहायचा तलाव! समुद्रात बसून तलावात पोहायचं. जमाना बदलला.”

“बदलला न्हाई ओ,” वैनी म्हणाल्या. “तेव्हा माणूस पोचायला जात होता. आता माणूस खर्च करायला जातोय. मग घरचं पाणी कसं परवडणार त्यांना?”

वैनी चौथीपर्यंत शिकल्यात. मामांनी अर्धा तास घेऊन जे सांगितलं ते त्यांनी तीन वाक्यांत संपवलं.

एवढ्यात मागच्या घरातल्या अक्का आल्या. अक्कांची बोली कन्नड, आमची मराठी, आणि कंपौंडावर दोन्हींची भेळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाटली हातात घेऊन हलवून बघितली आणि म्हणाल्या, “होग्ली बिड्री वैनी, जाऊ द्या. बाटली कशाला? आमसूलच न्या की. सुकं.”

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग सगळेच एकदम बोलायला लागले.

कारण खरंच! नियम आहे तो बाटलीला, ओल्या मालाला. आपली निम्मी पेयं सुकीच प्रवास करतात. आमसूल सुकं, जिरं सुकं, सैंधव सुकं, खडीसाखर सुकी, सुंठ सुकी. पाणी बोटीचं, साखर बोटीची, सरबत आपलं. व्होडका वाळवून कुणाला नेता येत नाही, आमसूल नेता येतं. सोलकढीचा तेवढा इलाज नाही. नारळाचं दूध उन्हात चार तास टिकत नाही, आणि नीरा तर सूर्य वर आला की स्वतःच ताडीकडं निघते. माळ घातलेल्या बाईनं नीरेची बाटली घेऊन बोटीवर चढावं आणि मुंबईला उतरताना तिची ताडी व्हावी, ह्या कल्पनेनं मामा खोकला लागेस्तोवर हसले.

“मग मी किटली बी न्हेतो,” वैनींना हुरूप आला. “करंटची. चहा आपलाच.”

“ती काढून घेतात,” मी म्हटलं. “आगीच्या भीतीनं. किटली, इस्त्री, शेगडी, काही चालत न्हाई. गरम पाणी तिथंच मागायचं.”

रात्री वैनींनी जावयाला फोन लावला. जावयानं बोटीच्या ऑफिसात विचारलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: पाकीटबंद, कंपनीचा छाप असलेलं, थोडंसं सुकं असेल तर हरकत नाही. घरची पुरचुंडी नको.

आता आली का पंचाईत! माहेरची आमसुलं पुरचुंडीतच आलेली. मऊ, काळसर, मीठ बेताचं. आणि गणपत गल्लीतनं आणलेलं पाकीट उघडून बघितलं तर आमसुलांवर मिठाचे खडे. “असलं आमच्यात आमटीला बी घालत न्हाईत,” म्हणत वैनींनी पाकीट दातानं फाडलं होतं, म्हणजे ते आता पाकीटबंद राहिलं नव्हतं, म्हणून दुसरं आणावं लागलं. सुतळीनं बांधलेली बाटली अक्का, मामा आणि मी मिळून संपवायची ठरली. सोलकढी गोव्यात उतरल्यावर प्यायची, कारण बोट मुरगावला दिवसभर उभी असते आणि किनाऱ्यावर कुणी बाटल्या तपासत नाही.

सगळं मार्गी लागलं म्हणेस्तोवर मामींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं मान बाहेर काढली. हातात कालनिर्णय.

“वैनी, तारीख बघितलीसा काय? बोट सुटत्या त्या दिवशी एकादशी हाय.”

वैनींनी कपाळाला हात लावला. “आता गे काय करायचं? जावयाला कळवू तरी कसं? त्यांच्याकडं उपासाचं देत असतील काय?”

“घाबरताय कशाला?” मामा म्हणाले. “साबुदाणा सुकाच असतोय, पाकिटात मिळतोय. चढंल की बोटीवर. भिजवायचा कुठल्या पेल्यात, तेवढं बघा.”