आधी घरात बघ, मग गावात

भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये स्वदेशीवर भाषण ठोकायचं म्हणजे धाडसच. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला, 10 लाख टनांचा पोलाद कारखाना काढायचं ठरलं आणि तो उभारायला आलेल्या मजुरांचे जे तळ पडले, त्यांना लोक आजही कॅम्पच म्हणतात. लोहखनिज राजहऱ्याचं, चुनखडी नंदिनीची, एवढंच काय ते जवळचं. यंत्रं आणि ती चालवायला शिकवणारे इंजिनिअर रशियाचे, माणसं चहूकडची. म्हणजे गावच इम्पोर्ट केलेलं.

अशा गावातल्या पोरांना स्वदेशीचा दणका देते ती पायथन ही संगणकभाषा.

सीबीएसईच्या अकरावीला ‘इम्पोर्ट’, म्हणजे तयार मॉड्यूल्स आयात करणं, शिकवतात: मॅथ, रँडम, स्टॅटिस्टिक्स. पोरगं संध्याकाळी सरावाला बसतं. धडा रँडमचा, म्हणून फाइलचं नावही रँडम डॉट पीवाय. पहिली ओळ ‘इम्पोर्ट रँडम’, दुसरीत फासा टाकायला रँडइंट, एक ते सहा. चालवलं की उत्तर येतं: रँडममध्ये रँडइंट नावाचं काही नाहीच! पुस्तकात आहे, सरांच्या संगणकावर चालतं, मग इथंच काय झालं? दोष अर्थातच घरच्या जुन्या लॅपटॉपला.

लॅपटॉप बिचारा निर्दोष. इंटरप्रिटरच्या पोटातच असलेली मोजकी मॉड्यूल्स सोडली, तर पायथन शोध सुरू करते तो चालू प्रोग्रामच्या फोल्डरपासून. स्वतःचं ग्रंथालय त्यानंतर. फोल्डरमध्ये तिला रँडम भेटतो, पोराचाच. फाइल स्वतःलाच आयात करून बसते आणि खरा रँडम रांगेत मागे उभा राहतो. एवढी कडवी स्वदेशी गांधीभवनातही नसेल. 1991 साली आलेल्या या भाषेला ‘बाबा, फाइलचं नाव बदल’ असं एररमध्येच सुचवायला 3.13 आवृत्ती, म्हणजे ऑक्टोबर 2024 उजाडावं लागलं. आणि पोरगं नाव बदलून ठेवतं काय? स्टॅटिस्टिक्स डॉट पीवाय. पुढचा धडा तोच ना!

मोठ्यांचा आजार याच्या नेमका उलटा. ते घरात बघतच नाहीत. मार्च 2016 मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज गायब झालं. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे जागा भरणं. ओळी 11. एका नावावरून कंपनीशी वाजलं म्हणून लेखकाने आपली सगळी पॅकेजेस एनपीएम या भांडारावरून काढून घेतली आणि जगभरातल्या नामांकितांचे प्रकल्प धडाधड आडवे झाले. या 11 ओळी बारावीच्या पोराने डबा खाता खाता लिहिल्या असत्या, पण लिहायच्या कशाला? आयत्या मिळतात.

आता तर नावही दुसराच सांगतो. चॅटबॉट मुळात नसलेल्या पॅकेजचं नाव छातीठोकपणे देतो. ते नाव नोंदवून आत काय वाट्टेल ते भरून ठेवायला कुणीही मोकळा. प्रसिद्ध पॅकेजच्या नावातलं एखादं अक्षर फिरवून बसवलेले तोतये तर पायथनच्या सार्वजनिक भांडारात पूर्वीपासून सापडताहेत. कारखान्याच्या फाटकावर गेटपासशिवाय माशी आत जात नाही, हे ऐकत वाढलेलं पोरगंही पॅकेज बसवायच्या ‘पिप इन्स्टॉल’ या आज्ञेपुढे चॅटबॉटने दिलेलं नाव चिकटवतं आणि एंटर मारतं. वर विचारतं, अजून किती वेळ लागेल?