लेझर मास्तर

औंढ्यात मास्तरांना पाणी द्यायचं म्हणजे परीक्षेला बसणं. निवृत्त विज्ञानशिक्षक, सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी लेझरची कांडी. टपरीवर ग्लास समोर आला की कांडी आडवी धरून दाबतात. पाण्यात लाल रेघ उमटली की गर्जना: "कण आहेत! टिंडाल!" टिंडाल हे काविळीच्या भावाचं नाव असावं, अशा समजुतीने टपरीवाला मुकाट्याने ग्लास बदलतो.

दूधवाल्याचं मात्र त्यांच्याशी रोज वाजतं. दुधात कांडी मारली की अख्खं भांडं लालेलाल.

"यात काहीतरी आहे."

"दूध हाय की मास्तर! दुसरं काय शोधायलाव?"

मास्तरांची खरी अडचण हीच. टिंडाल परिणाम, म्हणजे कणांवरून विखुरलेला प्रकाश, कण आहेत एवढंच सांगतो. कण स्निग्धांशाचा की विषाचा, हे सांगत नाही. ते ओळखायला सोनं कामी येतं. "करोनाच्या तपासणीपट्टीवरची लाल रेघ म्हणजे बहुधा सोनंच!" केसाच्या जाडीत हजारभर बसतील एवढे बारीक कण, त्यांना चिकटवलेली प्रतिपिंडं. विषाणूचं प्रथिन सापडलं की प्रतिपिंडं त्याला धरतात आणि कण रेघेवर गर्दी करतात. द्रवात सुटे असताना हेच कण लाल दिसतात, गुठळी झाली की निळे-जांभळे. या रंगबदलावरून पाण्यातला पारासुद्धा पकडता येतो. व्याख्यान संपल्यावर सराफाने एकच शंका विचारली, "जुन्या पट्ट्यांची मोड घ्यावी का?"

शेजारच्या दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा, केंद्राने 2023 मध्ये मंजूर केलेले 2600 कोटी. तिथल्या आरशांवर धुळीचा कण बसून प्रकाश विखुरला तर मोजमापात घोटाळा, म्हणून तो टाळायची सगळी धडपड. मास्तरांना हे पटत नाही. "विखुरलेला प्रकाश म्हणजे आपला खबऱ्या. त्यालाच हाकलायचं?"

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात मात्र संशयाला सुट्टी. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, हे त्यांना मान्य; पुरावा मागितला तर देवळामागेच राहिलेल्या नंदीकडे बोट दाखवतात. परवा अभिषेकाचं तीर्थ त्यांनी डोळे मिटून घेतलं. रांगेत मागे दूधवाला.

"मास्तर, कांडी नाही मारायची?"

"अरे, यात दूध आहे. रेघ दिसणारच."

"मग मी रोज काय सांगायलोय?"