पाणी येतं, पाणी जातं

बोरीवलीत, बाभईच्या आमच्या सोसायटीत, नोटीस बोर्ड जेवढा वाचला जातो तेवढं वर्तमानपत्र वाचलं जात नाही. श्रेय सेक्रेटरी काकांच्या इंग्रजीचं. परवा त्यांनी लिहिलं, 'टुमॉरो वॉटर विल नॉट कम.'

इंग्रजी माध्यमातली नात म्हणाली, "आजोबा, वॉटर कम नाही होत. सप्लाय कट होतो."

"इंग्लंडात नळाला चोवीस तास पाणी. जे कधी गेलंच नाही, त्याला 'आलं' कोण म्हणणार? आपल्याकडे ते पाहुण्यासारखं वेळ बघून येतं. कमच बरोबर!"

नात इंग्रजीत पास, काका बोरीवलीत. आता शब्दांची संगत तर्कानं ठरत नाही, त्याला काका काय करणार? इंग्रजांचा चहा 'स्ट्राँग' आणि मोटार 'पॉवरफुल'. अदलाबदल केली की ऐकणारा दचकतो. हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञानं १९६६मध्ये हीच उदाहरणं घेतली होती. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा कडक मिळतो, म्हणून काकांच्या इंग्रजीत तो 'हार्ड टी'. हॅलिडेचे गुरू फर्थ. शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, हे त्यांनी १९५७मध्ये मांडलं. त्याआधी, १९१९ ते १९२८, हे गृहस्थ लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'क्लोज द फॅन' त्यांनी तिथेच ऐकलं असणार, असा माझा आपला संशय.

परीक्षेवरून तर काका इंग्रजांवर कायमचे रुसलेत. "रात्र रात्र जागतो पोरगा, फी भरतो बाप, आणि परीक्षा 'गिव्ह' करतो मास्तर? पोरानं फक्त 'टेक' करायची?" यावर माझ्याकडेही उत्तर नाही.

तरी काही जोड्या काकांच्या कधीच चुकत नाहीत. 'फास्ट लोकल'ला ते झोपेतसुद्धा 'क्विक लोकल' म्हणणार नाहीत. चर्चगेटच्या इंडिकेटरखाली नोकरीभर माना वर करून उभं राहिल्यावर जे अंगात मुरतं, ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं मुरलं नसतं. पाठमालेत धक्के कुठे असतात?

नोटीस शेवटी नातीनंच सुधारून लावली. खाली काकांनी पेनानं लिहिलं, 'म्हणजे पाणी येणार नाही.' त्या दिवशी सोसायटीनं बादल्या भरल्या त्या ही ओळ वाचून.

दुसऱ्या दिवशी बादलीभर पाण्यात उरकून नात बाहेर आली आणि मराठीत म्हणाली, "आजोबा, मी आंघोळ घेतली."

काकांनी चष्मा वर केला. "कितीला?"